बाएंगमधले अकरा दिवस

माझी आई ऑक्टोबरमध्ये गेली. डिसेंबरात मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावून विचारलं, "जिनालिन मॅडम, जानेवारीत पाचवीची मुलं तुमच्या घरी यायची होती. ते आता राहू द्यायचं ना?"

शब्द आईनेच दिला होता. घराभोवतीच्या बागेला आम्ही डोंगरातले इबालोय लोक बाएंग म्हणतो, आणि गावात अजून नीट राखलेल्या दोनतीनच बाएंग उरल्यात. बाकीच्यांनी कधीच कोबी आणि घेवडा लावला. मुलांना जुनी बाग दाखवायची, काय काय लावतात, कधी काढतात, कसं रांधतात ते सांगायचं, असं ठरलं होतं. मी "हो, राहू द्या" म्हणणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

"का म्हणून? येऊ द्या की पोरांना. मी दाखवतो."

बाबा. माझा विसरलेला डबा घेऊन आले होते. आई गेल्यापासून त्यांना चालायला निमित्तच लागायचं. डबा, छत्री, शेजाऱ्याची विळी परत करायची, काहीही. नदीपलीकडच्या सोन्याच्या खाणीत त्यांनी अडतीस वर्षं काढली होती. महिन्यातले दोन रविवार घरी यायचे, जेवायचे, झोपायचे, सोमवारी पहाटे परत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी अंगणात उभे राहिले की डोक्यावर हात नेऊन बघायचे, टोपी आहे का म्हणून. खाणीच्या छताखालची सवय.

मुख्याध्यापक खूश झाले. घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, तुम्हाला त्यातलं काय माहितीय?"

"डोळ्यांदेखत होतं सगळं. त्यात माहीत काय करून घ्यायचंय?"

मी वाद घातला नाही, कारण मलाही काही माहीत नव्हतं. मी मातीत हात घातला की आई म्हणायची, "तू पुस्तक धर." मी धरलं. बागेतलं जे ताटात आलं ते खाल्लं. शहरातल्या शाळेत बदली मिळावी म्हणून केलेला माझा अर्जही तेव्हा वर्षभर शिक्षण खात्याच्या ऑफिसात पडून होता, आणि आठवड्यातून दोनदा तरी मी फोन करून त्याची चौकशी करत होते. घरात एकाचं मन लागत नव्हतं आणि दुसरीला निघता येत नव्हतं.

पुढचे तीन आठवडे बाबा बागेत फेऱ्या मारत राहिले. सकाळी उठून बघावं तर ते तुरीच्या झुडपांशी उभे. दुपारी डुकरांच्या गोठ्यामागे. आईला आमच्या रीतीने घराच्या कडेलाच पुरलंय. तिथे जायचे, मान हलवायचे, परत फिरायचे. दगडी बांधावरचा एक दगड काढून दुसरीकडे ठेवायचे आणि संध्याकाळी पुन्हा पहिल्या जागी. मी म्हटलं, "बाबा, बसा की जरा." तर म्हणाले, "बसून काय करू?"

जानेवारीतल्या एका मंगळवारी मुलं आली. तेवीस जणं. बाबांनी खाणीतलं जाड जाकीट घातलं होतं, केस पाणी लावून बसवले होते. सुरुवात झकास झाली. जमिनीखाली किती अंधार असतो, दगड फुटायच्या आधी कसा बोलतो, ते त्यांनी असं सांगितलं की मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मग क्लारिबेल नावाची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "आजोबा, पण हे कुठलं झाड?"

"हे? हे... औषधी आहे."

"कशावर?"

"पोटावर."

"आणि ते?"

"तेसुद्धा पोटावर."

"सगळ्यांचंच पोट दुखायचं वाटतं पूर्वी," ती म्हणाली आणि मुलं हसली. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

मग त्यांनी ते केलं. "नुसतं बघून काय होतंय? खाऊन बघा," म्हणत गोठ्यामागून अळूचे चांगले मोठाले कंद उपटून आणले. मुलांनी धुतले, बाबांनी सोलून मोठ्या पातेल्यात टाकले, आणि चुलीपाशी नुसतं उभं राहवेना म्हणून मिनिटामिनिटाला ढवळत राहिले. प्रत्येकाच्या हातात मिठाबरोबर एक एक फोड दिली.

पहिला घास गिळून होतोय तोवर मागचा एक मुलगा रडायला लागला. मग दुसरा. मिनिटाभरात तेवीस मुलं जिभा बाहेर काढून गळा खाजवत अंगणभर धावत होती. मी साखरेचा डबा उपडा केला, व्हिनेगरची बाटली आणली, शेजारीण लिंबं घेऊन पळत आली. बाबा पातेल्याजवळ उभे होते, आणि त्यांनी स्वतःही एक फोड खाल्ली असावी, कारण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

तासाभरात सगळी ठीक झाली. पण क्लारिबेलचा बाप रोमेल संध्याकाळ व्हायच्या आत येऊन थडकला. आमच्या खालच्या सगळ्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात त्याचाच कोबी आहे.

"बासिलो काका, डुकराचा अळू पोरांना घातलात होय?"

बाबा पातेलं घासत राहिले.

"राग मानू नका. पण काकू गेली, आता हे जंगल ठेवून करणार काय? ना तुम्हाला कळतं, ना मॅडमना. माझ्याकडे द्या. शनिवारी दोन माणसं घेऊन येतो, एका दिवसात सगळं साफ. तीन महिन्यांत इथे कोबी असा उभा राहील की बघत राहाल."

"ये शनिवारी," बाबा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. रोमेल गेल्यावर मी ओरडलेच. "असं कसं हो म्हणालात?"

"मग काय करू? तूच सांग. तुला कळतं यातलं?" आणि ते फाटकाबाहेर पडून खाली नदीच्या दिशेने चालायला लागले.

कळणारं एकच माणूस उरलं होतं. ऑरिंग मावशी, आईची धाकटी बहीण. वरच्या वस्तीत राहते. पण अकरा वर्षांपूर्वी बाबांनी खाणीतून सुट्टीवर आले असताना अंगणातली कॉफीची चार जुनी झाडं तोडली होती आणि तिथे सिमेंटचा चौक घातला होता, जीप घेणार होते म्हणून. जीप काही आली नाही. ती झाडं आईच्या आणि मावशीच्या आईने लावलेली. आई गप्प बसली होती. मावशी मात्र त्या दिवशी म्हणाली, या अंगणात पुन्हा पाय ठेवणार नाही, आणि तिने ठेवला नाही. आईच्या मयताला गाव सात दिवस आमच्याकडे जेवलं. मावशी रस्त्यापलीकडे शेजाऱ्याच्या ओसरीत बसून सातही दिवस त्या गर्दीसाठी रताळी सोलत राहिली. बहिणीला पुरताना तिने रस्त्यावरूनच पाहिलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे गेले. ती कपडे बांधून ठेवत होती. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि मुलगा तिला दरीपलीकडे आपल्या घरी न्यायला येणार होता, येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी. मी सगळं सांगितलं. अळूचं ऐकून ती पोट धरून हसली. शनिवारचं ऐकून हसायची थांबली.

"मावशी, चल ना. मला तरी शिकव."

"तुला शिकवीन गं. पण तू राहणार आहेस का इथे? तुझा अर्ज गेलाय म्हणे."

मी तिच्या गाठोड्याची गाठ आवळायला लागले.

"ज्याने तोडलं त्याला येऊ दे," ती म्हणाली. "तोंड आहे ना त्याला?"

मी घरी येऊन बाबांना शब्द न शब्द सांगितला. ते जेवत होते. जेवण अर्धं टाकून उठले, हात धुतले, परत बसले, परत उठले.

गुरुवारी मी शाळेत होते, त्यामुळे मी पाहिलं नाही. पण मधल्या सुट्टीत मुलं खिडकीला चिकटली आणि म्हणाली, "मॅडम, आजोबा!" वरच्या वाटेने बाबा उतरत होते आणि त्यांच्या मागे वीसेक पावलांवर ऑरिंग मावशी, काठी टेकत. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. बाबा मधेच थांबायचे, ती आली की पुन्हा चालायला लागायचे.

मावशीने मला नंतर सांगितलं. बाबा तिच्या कुंपणापाशी तासभर उभे होते. आधी थंडीबद्दल बोलले. मग रस्त्याबद्दल. मग तिच्या कोंबड्यांबद्दल. ती काही मदत करेना. शेवटी म्हणाले, "ऑरिंग, मला खाजरा कुठला तेसुद्धा कळत नाही. तीस वर्षं खाल्लं तिच्या हातचं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? चपला शोधल्या मी."

फाटकाशी मात्र ती थांबली. बाबांनी फाटक उघडून धरलं. ती आत आली, आणि बागेत न जाता सरळ त्या सिमेंटच्या चौकात जाऊन उभी राहिली. काठीने ठोकून पाहिलं.

"दाजी, जीप कुठाय?"

बाबा फाटकाची कडी उगाच चाळवत राहिले.

"रंग कुठला घेणार होतात? ताई म्हणायची, हिरवी घेणार. बिचारी रस्त्यावर हिरवी जीप दिसली की बघायची."

"बस कर, ऑरिंग."

"आत्ता कुठे सुरू केलंय. अकरा दिवस आहेत माझ्याकडे आणि बोलायचं साठलंय अकरा वर्षांचं."

दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं: मुलं रोज आली पाहिजेत. "एकट्या म्हाताऱ्याला शिकवून काय उपयोग? उद्या तोही जाईल." मुख्याध्यापक कचरत होते. पालकांना चिठ्ठी गेली, आणि तेविसातली नऊच आली. क्लारिबेल सगळ्यांत पुढे. बापाने नको म्हटलं होतं तरी.

शनिवारी रोमेल दोन माणसं आणि कोयते घेऊन आला, तेव्हा मावशी बांधावर बसून शेंगा निवडत होती.

"कोण रे? रोमेल का? जवळ ये, दिसत नाही मला." तो जवळ गेला. तिने त्याचा कान पकडला, खरोखरच पकडला. "तुझं नाक पुसलंय मी, तुझ्या आईला ताप होता तेव्हा. या बागेतली रताळी खाऊन वाढलास तू. आता कोयता घेऊन आलास?"

"मावशी, काकांनीच बोलावलंय!"

"काकाला काय कळतंय! काका आता पाचवीत आहे."

मुलं खिदळली. बाबांनी घसा खाकरला. "रोमेल, राहू दे. मी जरा घाई केली." रोमेल कान चोळत गेला, पण जाताना पोरीला म्हणाला, "पाचला घरी."

मावशीला झाडं दिसत नव्हती, ती हाताने बघायची. पान बोटांत धरायची, चुरायची, हुंगायची. "दाजी, हात आणा. हा देठ खाली लालसर असणार बघा, आणि कातडी अशी मऊ. हा आपला. तो गोठ्याकडचा सगळा हिरवा, तो डुकरांचा, आणि त्यांनासुद्धा दोनदा उकळून. आणि पातेल्यात डाव घालायचा नाही. ढवळलात की खाजलंच."

"का?"

"मला काय माहीत का! माझी आई मारायची ढवळलं की."

तिने फोड करून बाबांच्या हातावर ठेवली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. नऊ मुलं बाबांकडे बघत राहिली. त्यांनी खाल्ली, थांबले, गिळली. "गोड आहे," ते म्हणाले. मग सगळ्यांनी खाल्ली.

पण बाबांना एका जागी शिकता यायचं नाही. मावशी तुरीबद्दल सांगत असायची आणि ते पुढच्या वाफ्यात पोचलेले असायचे. रताळ्याचे वेल तिने उलटवायला सांगितले तर त्यांनी दुपारपर्यंत सगळे उलटवून टाकले, जे नको होते तेसुद्धा. "खाणीत असंच खणायचात का? दिसेल तिथे?" ती ओरडायची. ते चिडून बाहेर चालते व्हायचे, अर्ध्या तासाने परत यायचे आणि विचारायचे, "हं, पुढे?" मुलं वहीत लिहून घेत होती. मीही लिहून घेत होते. एकदा क्लारिबेलने माझ्या वहीत डोकावून म्हटलं, "मॅडम, तुम्ही आल्याच्या जागी हळद लिहिलंय."

सहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलं जमत होती, तोच घणाचा आवाज आला. मी बाहेर धावले. बाबा सिमेंटच्या चौकात गुडघ्यावर बसले होते. छिनी, घण, खाणीतल्या लोखंडी पाचरी समोर ओळीत मांडलेल्या. त्यांनी कान लावून सिमेंट ठोकून पाहिलं, एक जागा निवडली, पाचरी बसवल्या आणि एकेकीवर हलकेच घाव घालत गेले. काही वेळ काहीच झालं नाही. मग कटकन आवाज होऊन चौकाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चीर गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आई गेल्यापासून प्रथमच मी बाबांना एका जागी बसलेलं पाहत होते.

मावशी दारात उभी होती. तिला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी गेले तर चुलीपुढे बसून रडत होती. "धूर झालाय," म्हणाली. चूल पेटलेली नव्हती.

तुकडे मुलांनी वाहून नेले आणि पडलेला बांध त्या तुकड्यांनीच भरून काढला. आठव्या दिवसापर्यंत खालची माती उघडी पडली, पिवळी, दगडासारखी. बागेच्या कडेला उरलेल्या कॉफीच्या झाडांखाली पडलेल्या बियांतून आपोआप उगवलेली रोपं होती. बाबा लगेच चार उपटायला निघाले.

"थांबा!" मावशी म्हणाली. "आत्ता कोरड्यात लावून मारणार आहात का? खड्डे काढा. पालापाचोळा, डुकरांचं खत भरा. पाऊस बसला की जूनमध्ये लावा."

"जूनमध्ये तू नसशील."

"नसेन. म्हणून तर सांगतेय."

सोमवारी तिचा मुलगा गाडी घेऊन आला. मावशीने गाठोड्यात आल्याचे गड्डे, पावट्याच्या बिया आणि लालसर देठाच्या अळूचे चार कंद घेतले. ताईच्या थडग्यापाशी गेली, पण काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. फाटकाशी बाबा उभे होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "गाडी बरी आहे. हिरवी."

"निळी आहे, मावशी," तिचा मुलगा म्हणाला.

"दाजींना रंग तरी कुठे कळतात," मावशी म्हणाली आणि बसली.

त्यानंतरचे चार महिने घरात कुणाला चैन नव्हतं. बाबा रोज खड्ड्यांपाशी जाऊन यायचे. मार्चमध्ये न राहवून त्यांनी एक रोप लावलंच. दोन बादल्या पाणी घालत होते. आठवड्यात ते वाळलं. मावशीला सांगू नका, अशी सगळ्या मुलांना ताकीद दिली, आणि संध्याकाळी मावशीचा फोन आला. बाबांनी कानापासून लांब धरला तरी मला अंगणात ऐकू येत होता.

मेमध्ये माझ्या बदलीचा कागद आला. दीड वर्ष वाट पाहिलेला. मी तो दोन दिवस दप्तरात ठेवला. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "आलं ते दाखव तरी." मी दाखवला. त्यांनी वाचला, घडी घातली, परत दिला. "जा. तुझ्या आईने त्यासाठीच शिकवलंय." मी म्हटलं, "आणि तुम्ही?" ते म्हणाले, "मला कामं आहेत."

जूनच्या मध्यावर नऊ मुलं आणि आणखी चार नवी, अशांनी मिळून तीन रोपं लावली. चौथ्या खड्ड्यावरून भांडण झालं. बाबा म्हणत होते, जवळ होतंय. क्लारिबेल म्हणत होती, मावशींनी चार पावलं सांगितली होती, वहीत आहे. कुणाची चार पावलं, यावरून फोन लागला. मावशीने निकाल दिला: "दाजींची नाहीत, त्यांचे पाय लांब आहेत. माझी." मग एका बुटक्या मुलीला मावशी धरून मोजलं.

मी त्याच महिन्याच्या शेवटी शहरात गेले. वर्गात चाळीस मुलं, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत. शुक्रवारी दुपारपासूनच माझं लक्ष घड्याळाकडे असायचं, आणि गावी पोचलं की रविवारपर्यंत परत जायची घाई. दोन्हीकडे मी अर्धीच.

परवाच्या शनिवारी बसमधून उतरले तर घराला कडी. बागेत कुणी नाही. हाका मारल्या. शेवटी खालून रोमेलच्या शेतातून बाबांचा आवाज आला. मी उतरून गेले. कोबीच्या ओळी संपतात तिथे त्याच्या घराच्या मागच्या कोपऱ्यात क्लारिबेलला बापाने पाच वाफ्यांएवढी जागा दिली होती आणि ती बाबांना सांगत होती, रताळ्याचे वेल किती खोल पुरायचे. बाबा गुडघ्यावर बसून ऐकत होते. रोमेल फवारणीचा पंप पाठीवर घेऊन लांब उभा होता.

"काका, इथवर मारू ना औषध?"

"तिथेच थांब! अजून मागे. अजून." मग बाबांना मी दिसले. "आलीस? बरं झालं. ती टोपली उचल, वर अजून वेल कापून ठेवलेत, ते आण."

"मी आत्ताच बसमधून उतरलेय बाबा, जरा कॉफी तरी..."

"नंतर. वेल सुकतील."

मी पिशवी बांधावर ठेवली, शहरातले बूट काढले, टोपली उचलली. चार पायऱ्या चढले आणि लक्षात आलं की कापलेले वेल कुठे ठेवलेत ते मी विचारलंच नाही. वर उभी राहून मी ओरडले, "कुठे?"

खालून क्लारिबेल ओरडली, "गोठ्याच्या सावलीत! पाणी मारून आणा, मॅडम!"